खालच्या दोन ओळी

सोलापुरात परीक्षा आणि ऊन बरोबरच येतात. फाल्गुन सरत आला की कडुनिंबाला मोहोर धरतो, दुपारचे रस्ते ओस पडतात आणि आमच्या कॉलेजच्या फलकावर आसनक्रमांकांचे कागद लागतात. या दिवसांत मी पर्यवेक्षक असते. म्हणजे पेपरभर वर्गात हिंडायचं, पुरवण्या वाटायच्या, खिडकीतून येणाऱ्या झळा अंगावर घ्यायच्या आणि पोरांच्या घामाकडे बघत आपला घाम पुसायचा. डोक्यावर पंखा असतो, पण छतापाशी तापलेली हवा खाली आणून देण्यापलीकडे तो काही करत नाही. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास, असं म्हणत सगळे आपापल्या बाकावर वितळत असतात.

इतिहासाचा पेपर असला की वर्ग लांबूनच ओळखू येतो. निम्मे बाक रिकामे. बसलेल्यांतलेही निम्मे, दुसरीकडे कुठे जागा मिळाली नाही म्हणून या विषयाकडे आलेले. त्यांत एखादीच पोर अशी निघते, की पहिला प्रश्न वाचून किंचित हसते, बाजारात ओळखीचं माणूस दिसावं तशी. तिच्या बाकापाशी मी उगीच जरा जास्त रेंगाळते.

यंदाची तशी पोर करमाळ्याकडची आहे, वसतिगृहात राहते. शेवटचा पेपर देऊन बाहेर पडताना दारात थबकली. म्हणाली, "मॅडम, इतिहासात एम.ए. करून काय होतंय? घरचे विचारलेत. काय सांगू त्यांना?"

"उद्या ये, बोलू," म्हणून मी तिला वाटेला लावलं, गठ्ठे जमा केले, घरी आले आणि माठातलं पाणी घेऊन बसले ती बसूनच राहिले. तिचा प्रश्न नवा नव्हता. तो मला ज्या उन्हाळ्यात सगळ्या बाजूंनी विचारला गेला, तो उन्हाळा दर मार्चला असाच पुन्हा दारात येऊन उभा राहतो. त्याला घरात घ्यावंच लागतं.

मंगळवार पेठेत आमचं भुसार मालाचं दुकान होतं आणि दुकानामागेच घर. अप्पा, म्हणजे माझे वडील, सकाळी पूजा आटोपून, कपाळाला विभूती लावून गादीवर बसायचे ते रात्रीच उठायचे. घरात आम्ही कानडी बोलायचो, दुकानात मराठी, आणि मनातल्या मनात अप्पा कुठल्या भाषेत विचार करायचे ते एक त्यांनाच ठाऊक. जगातल्या कुठल्याही वस्तूबद्दल त्यांचा पहिला प्रश्न एकच असे: खपतं का? नवीन जातीची तूर असो, शेजाऱ्याचा कूलर असो, की टीव्हीवरचा कीर्तनकार असो. मी बी.ए.ला इतिहास घेतला तेव्हा ते काही बोलले नव्हते. मुलीनं बी.ए. व्हावं, कशात व्हावं ते महत्त्वाचं नाही, अशी तेव्हाची समजूत. पण एम.ए.लाही इतिहासच म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून गादीवर ठेवला.

"इतिहास घेऊन काय करलालीस गं, जगू? झालं ते होऊन गेलं की. आता कोण गिऱ्हाईक हाय त्याला?"

माझं नाव जगदेवी. अप्पा 'जगू' म्हणाले म्हणजे राग नाही, एवढं कळायचं. शेवटी तडजोड झाली. पहिलं वर्ष कर, मग बघू. या 'मग बघू'च्या पोटात काय काय होतं ते मला पक्कं माहीत होतं. बँकेच्या परीक्षेचा क्लास होता, आणि अक्कलकोटचं एक स्थळ होतं. त्या स्थळाची चौकशी चिक्कप्पांनी, म्हणजे माझ्या धाकट्या काकांनी, गावाकडे बसून आधीच करून ठेवली होती. मला दुसरं वर्ष मिळणार की नाही हे अप्पांच्या एका होकारावर होतं, आणि अप्पा होकार सहज देणारे नव्हते.

पुणे रस्त्यावरचं विद्यापीठ तेव्हा नवंच होतं. माळावर इमारती आणि गुडघ्याएवढी झाडं. बसमधून उतरून विभागापर्यंत चालत गेलं की ओढणीचं टोक डोक्यावर असूनही टाळू तापायची. वर्गात आम्ही मोजकेच होतो. शिकवायला म्हेत्रे सर. शिडशिडीत, शर्टाच्या खिशात कायम भिंग, आणि बोलण्यात घाई अजिबात नाही. सरांनी आम्हाला कधी सनावळी विचारली नाही. एखाद्या जुन्या पत्राची नक्कल हातात द्यायचे आणि म्हणायचे, "हे कुणी लिहिलं? कुणाला वाचायला लिहिलं? आणि काय लिहिलं नाही?" तिसऱ्या प्रश्नाला आम्ही सगळे खिडकीबाहेर बघायचो. तिथे माळावर मेंढरं चरत असायची आणि त्यांना कुणी काही विचारत नसे.

त्या फेब्रुवारीत सरांनी सांगितलं, प्रत्येकानं आपल्या भागातलं एक साधन घेऊन प्रकल्प करायचा. कुणी किल्ल्यातली तोफ घेतली, कुणी गिरणीच्या जुन्या जाहिराती. मी हात वर करून म्हणाले, आमच्या गावच्या देवळात शिलालेख आहे, आणि त्यावर आमच्या घराण्याचं नाव आहे. हे सांगताना माझी मान किती ताठ झाली होती ते इरफाननं नंतर नक्कल करून दाखवलं. इरफान माझ्या शेजारच्या बाकावर बसायचा, गोड पण वाह्यात.

आमचं मूळ गाव मंद्रूपच्या पलीकडे. तिथे मल्लिकार्जुनाचं देऊळ आहे आणि दारात उजव्या हाताला हा दगड. पुरुषभर उंच. माथ्यावर चंद्रसूर्य, पिंड, गाय-वासरू, आणि खाली कानडी अक्षरांच्या ओळी. माझ्या आजोबांच्या काळात देवळाचा जीर्णोद्धार झाला तेव्हा गावानं एक पेंटर बोलावून ती अक्षरं लाल ऑइलपेंटनं भरून घेतली. देवाची सेवा म्हणून. वरच्या ओळी जुन्या वळणाच्या, त्या गावात कुणालाच वाचता यायच्या नाहीत. खालच्या दोन ओळी मात्र कानडी शाळेत चार बुकं शिकलेला कुणीही घडाघडा वाचायचा. त्यांत लिहिलं होतं की आमच्या घराण्याच्या मूळपुरुषानं मल्लिकार्जुनाला जमीन दिली. म्हणून जत्रेत पालखीचा पहिला खांदा आमचा. आजोबांनी दिला, मग अप्पांनी. वरचं काहीच कळत नाही आणि खालचं इतकं स्वच्छ कसं कळतं, हा प्रश्न गावाला पडला नव्हता असं नाही. त्याचं उत्तरही गावाकडे तयार होतं. बाकीचं देवाचं देवाला ठावं, दात्याचं नाव तेवढं देवानं स्पष्ट ठेवलं. हे मी लहानपणी मैत्रिणींना सांगितलेलं आहे, आणि त्यांनी ते ऐकून मला त्या दिवशी लंगडीत पहिला डाव दिला होता.

अडचण एकच होती. मी मराठी शाळेत शिकलेली. कानडी तोंडात होतं, डोळ्यांत नव्हतं. सर म्हणाले, लिपी शिकायला लागेल. मी घाबरत घाबरत अप्पांना विचारलं. ते स्वतः लहानपणी सीमेकडच्या कानडी शाळेत शिकलेले. मला वाटलं, म्हणतील, हे आणि कुणी सांगितलं. ते म्हणाले, "दुपारी दुकानात ये."

त्या दुपारी माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात श्रीमंत दुपारी होत्या. बारा वाजले की पेठ गपगार व्हायची. अप्पा दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढायचे. आत पोत्यांचा, तुरीच्या टरफलांचा, गोणपाटावर मारलेल्या पाण्याचा वास. आतून ताट आलेलं असायचं, कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. ती खाऊन झाली की अप्पा एका पत्र्याच्या परातीत ज्वारी पसरायचे आणि तीत बोटानं अक्षर काढायचे. मी त्यावरून बोट फिरवायचं, मग परात हलवून ते पुसायचं, मग आपलं आपण काढायचं. चुकलं की अप्पा बोलायचे नाहीत, फक्त परात हलवायचे. जमलं की ताकाचा तांब्या माझ्याकडे सरकवायचे. ज्यांना इतिहासाला गिऱ्हाईक दिसत नव्हतं, तेच मला इतिहास वाचायला शिकवत होते, हे त्यांच्या लक्षात आलं होतं की नाही कुणास ठाऊक. मधेच एखादं गिऱ्हाईक शटरखालून वाकून आत यायचं आणि परातीकडे बघायचं. अप्पा म्हणायचे, "पोरीला शाळा घातलीय," आणि शेरभर डाळ मोजून द्यायचे.

मार्चअखेरीस आम्ही जीप करून गावी गेलो. सर, मी, इरफान, आणि अप्पा. अप्पांनी दुकान बंद ठेवलं होतं. गाव त्यांचं, देऊळ त्यांचं, दगड त्यांचा, मग सरांना दाखवायला दुसरं कोण जाणार? धुवट धोतर, डोक्यावर टोपी, खांद्यावर उपरणं. वाटेत ज्वारी काढून झालेली शेतं, कडब्याच्या गंज्या, आणि भेगाळलेली काळी रानं. अप्पा जीपमध्ये पुढे बसून सरांना प्रत्येक वस्तीचं नाव सांगत होते. इतके बोलताना मी त्यांना दुकानातसुद्धा पाहिलं नव्हतं.

देवळात माणसं जमली होती. चिक्कप्पांनी सतरंजी अंथरून ठेवली होती. अप्पा दगडासमोर उभे राहिले आणि खालच्या दोन ओळी त्यांनी मोठ्यानं, ठसक्यात वाचल्या. जमलेल्यांनी माना डोलावल्या. सरही नम्रपणे ऐकत होते. मग त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "मालक, एक बादली पाणी मिळेल का?"

दगडी लेखाचा ठसा घेणं हे काम बघायला फार साधं दिसतं. दगड काथ्याच्या ब्रशनं धुवायचा. त्यावर भिजवलेला कागद पसरायचा आणि दाट केसांच्या ब्रशनं हलके हलके ठोकायचा, म्हणजे कागद कोरलेल्या खाचांत उतरतो. अर्धवट वाळला की कापडाच्या गादीनं वरून शाई लावायची. उंच भाग काळा होतो आणि खोल गेलेली अक्षरं पांढरी राहतात. उन्हामुळे कागद आमच्या हातातच वाळत होता, इरफान सारखा पाणी शिंपडत होता आणि गावातली बायामाणसं पदर तोंडाला लावून बघत होती. हळूहळू काळ्यातून पांढरी अक्षरं वर यायला लागली. वरून पहिली ओळ, दुसरी, तिसरी. परातीत काढलेल्या अक्षरांचे पणजोबा एकेक करून समोर येत होते आणि त्यांतली काही माझ्या ओळखीची निघत होती.

खाली मात्र कागद नुसता काळा होत गेला.

मला वाटलं शाई जास्त झाली. सरांनी दुसरा कागद लावायला सांगितला. दुसराही तसाच. इरफान वाकून बघत सहज बोलून गेला, "सर, नीचेकी दो लाइनां तो आईच नै." सरांनी त्याला डोळ्यांनी गप्प केलं आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "कागदाला रंग कळत नाही, जगदेवी. कोरलेलं तेवढंच कळतं."

खालच्या दोन ओळींच्या रंगाखाली दगड कोरा होता. तिथे कधी कुणी छिन्नी लावलीच नव्हती. पेंटरनं त्या नुसत्या रंगवल्या होत्या. म्हणून तर त्या सगळ्यांना वाचता येत होत्या.

अप्पा मागेच उभे होते. ते पुढे आले आणि दगडावरून तळहात फिरवला, पोत्यातल्या धान्यावरून फिरवायचे तसाच. वर खरखरीत. खाली गुळगुळीत. परत एकदा वर, परत एकदा खाली. मग चष्मा पुसत जाऊन पारावर बसले. परतीच्या वाटेवर जीपमध्ये अप्पांच्या मानेवरून घामाचा ओघळ उपरण्यात जात होता आणि तो त्यांना पुसू द्यावा की आपण पुसावा, हे ठरवता ठरवता शहर आलं.

त्या दोन ओळी कुणी घालायला लावल्या? आजोबांनी? की गावातल्या मोठ्या घराला बरं वाटावं म्हणून पेंटरनं आपण होऊन? की आधीपासून लोक जे सांगत होते तेच कुणीतरी भोळेपणानं दगडावर उतरवलं? आज इतकी वर्षं इतिहास शिकवूनही मला माहीत नाही. आजोबांना विचारायला ते नव्हते, आणि पेंटरचं नाव कुणाला आठवत नव्हतं. माहीत नाही असं म्हणायला शिकणं हाही या विषयाचा एक भाग आहे, फक्त तो अभ्यासक्रमात छापत नाहीत.

सरांनी वरच्या ओळी सावकाश लावल्या. त्यांत जमीन होती, देवापुढच्या दिव्यासाठी तेल होतं, फुलांसाठी मळा होता. दान कुणा एकाचं नव्हतं. शेतकरी, तेली, माळी, विणकर, सगळ्या गावानं मिळून दिलं होतं. सर म्हणाले, "सुंदर लेख आहे. पण तुला अवघड असेल तर दुसरा विषय घे. मी काही म्हणणार नाही."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. खरं लिहावं तर अप्पांचा पहिला खांदा जातो, आणि अप्पांचा खांदा गेला की माझं दुसरं वर्ष जातं. दुसरा विषय घ्यावा तर दोन्ही राहतं. मी काही शूर नव्हते. चार दिवस तोफेचा विषय अजून शिल्लक आहे का, हे विचारत हिंडले. पण घरी टेबलावर तो काळा कागद पसरलेला होता आणि त्यातले ते तेली, ते माळी पांढऱ्या अक्षरांत माझ्याकडे बघत होते. इतकी शतकं पाऊस, ऊन, चुना, रंग सोसून ती माणसं माझ्यापर्यंत आली होती. त्यांना मागे ढकलायला माझा हात होईना. मी लिहिलं. लिहून झाल्यावर दुपारी दुकानात गेले आणि अप्पांना सगळं वाचून दाखवलं, एकही शब्द न गाळता. ते डोळे मिटून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "हं."

दुसऱ्या दिवशी परातीत ज्वारी नव्हती. अव्वा, म्हणजे माझी आई, तीत हरभऱ्याची डाळ निवडत होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली मान घातली. अक्षरांची शाळा बंद झाली होती.

मग चिक्कप्पा गावाहून आले. चहा पिऊन होईपर्यंत हवापाण्याचं बोलले. बशी खाली ठेवल्यावर म्हणाले, "अण्णा, झाकली मूठ सव्वा लाखाची. गावात आजून कुणाला कळलं न्हाय. आपल्याच पोरीनं आपलं नाव पुसायचं म्हंजे काय? पुढचं वर्ष-बिर्ष नको आता. अक्कलकोटवाले थांबलेत."

अव्वा आतून म्हणाली, "पोरीनं न्हाय पुसलं. तितं नव्हतंच म्हणत्यात की."

"वैनी, तुमी नका बोलू यात," चिक्कप्पा म्हणाले. अप्पा गिऱ्हाइकाची ज्वारी तोलत होते. त्यांनी काट्यावरची नजर काढली नाही. मी दाराआड उभी राहून त्यांच्या पाठीकडे बघत होते. त्या पाठीवरून काहीही वाचता येत नव्हतं.

एप्रिलात आमची परीक्षा झाली. मी ती शेवटची म्हणूनच दिली. पेपर बरे गेले, आणि बरे गेले याचं वाईट वाटलं. शेवटच्या दिवशी बसस्टॉपकडे न जाता मी विभागाभोवती एक फेरी मारली. झाडांना टँकरनं पाणी घालत होते. सरांच्या खोलीचं दार उघडं होतं, ते भिंग लावून काहीतरी वाचत होते. मी आत गेले नाही. काय म्हणणार होते? येते म्हणावं, तर येणार कुठे होते?

उद्या त्या करमाळ्याच्या पोरीला मी काय सांगू? सांगण्यासारखं पुष्कळ आहे. आमच्या वर्गातला इरफान आज पोलीस खात्यात आहे. म्हणतो, जबाब घेताना सरांचाच तिसरा प्रश्न विचारतो, आणि समोरचा खिडकीकडे बघायला लागला की समजतो. एकजण दूरच्या एका संग्रहालयात वस्तूंच्या शेजारच्या पाट्या लिहितो. चार ओळींत मावेल आणि खोटं ठरणार नाही असं लिहायला त्याला कधी कधी आठवडा लागतो. एकजण तलाठी झाला. एकीनं स्पर्धा परीक्षांत उमेदीची वर्षं घालवली, मग मालिकावाल्यांना त्या काळी पगडी कशी होती, पंगतीत काय वाढायचे, हे सांगण्याचं काम धरलं. ते तिचं निम्मं ऐकतात, असं ती हसत सांगते. एकानं विषय सोडून पाइपचं दुकान टाकलं, आणि तो सुखात आहे. मी स्वतः कित्येक वर्षं तासावर शिकवलं, या कॉलेजातून त्या कॉलेजात एसटीनं फिरले, तेव्हा कुठे कायम झाले. हे सगळं मी तिला सांगेन. झाकून ठेवणार नाही. सरळ रस्ता नाही, वेळ लागतो, घरच्यांना धीर लागतो. पण हे सांगून झाल्यावरही मूळ उत्तर उरतंच, आणि ते मला नोकऱ्यांच्या नावांत कधी सापडलेलं नाही.

अप्पा आता नाहीत. दुकान भावाकडे आहे, त्यानं काट्याच्या जागी आकडे दाखवणारं यंत्र बसवलं. मला अप्पांची फार आठवण येते. उन्हाळ्यात जास्त येते. मला मिळालेली प्रत्येक शाबासकी मी मनातल्या मनात त्यांना नेऊन दाखवते. ते हं म्हणतात.

त्या वर्षी वैशाखात गावची जत्रा आली. जायचं की नाही, हे घरात कुणी बोलत नव्हतं. आदल्या दिवशी अप्पा अव्वाला म्हणाले, "सगळ्यांची कापडं काढ." आम्ही सगळे गेलो. चिक्कप्पा आम्हाला बघून खूश झाले. त्यांना वाटलं, मूठ झाकलेलीच राहिली. मलाही तेच वाटलं. पहिला खांदा अप्पांचा होणार, माझा प्रकल्प विभागाच्या कपाटात पडून राहणार, आणि जून लागला की अक्कलकोटचे पाहुणे येणार. मी बायकांच्या घोळक्यात उभी होते. मला अप्पांचा राग येत नव्हता. त्यांचा खांदा जाऊ नये असंही कुठेतरी वाटत होतं, हे खरं सांगते.

उन्हं कलल्यावर पालखी सजली. गुलाल, खोबरं, सनई, संबळ. देवळाचे पुजारी स्वामी पायरीवर येऊन दरवर्षीप्रमाणे अप्पांचं नाव घेऊन मोठ्यानं म्हणाले, "मालक, या. पहिला खांदा लावा."

अप्पा पुढे झाले. पालखीला हात लावून नमस्कार केला, आणि खांदा न देता तसेच वळून लोकांकडे तोंड करून उभे राहिले. संबळ वाजायचा थांबला.

"पहिला खांदा आमचा न्हाय," ते म्हणाले. गिऱ्हाइकाला भाव सांगावा तितक्या साध्या आवाजात. "आमी आजवर दिला, देवानं चालवून घेतलं. दगडावर आमचं नाव न्हाय. खालच्या दोन ओळी नुसत्या रंगाच्या हायत. वर सगळ्या गावाचं दान लिहिलंय, तेल्याचं हाय, माळ्याचं हाय, समद्यांचं हाय. तवा आता समद्यांनी पाळीपाळीनं खांदा लावायचा."

चिक्कप्पा पुढे सरसावले. "अण्णा, कोण म्हणतंय आसं? पुरावा काय?"

अप्पांनी घोळक्यात मला शोधलं. सापडायला वेळ लागला, कारण मी तोवर एका थोराड बाईच्या मागे सरकले होते.

"आमच्या पोरीनं वाचलंय," ते म्हणाले.

मग गर्दीतून तेल्यांच्या घरातला एक म्हातारा, पटका सावरत, कुणीतरी चुकून हाक मारली असेल अशा चेहऱ्यानं पुढे आला. त्यानं खांदा दिला, सनई पुन्हा सुरू झाली, आणि पालखी उठली. हर्र बोला हर्रच्या गजरात ती गुलालातून वेशीकडे निघून गेली. मी जागची हलले नाही.

धुरळा बसल्यावर अप्पा माझ्याजवळ आले. टोपी काढून तिनंच कपाळ पुसलं. मग देवळामागच्या विहिरीकडे बघितलं.

"दुसरं वर्ष भरून टाक," ते म्हणाले. "हिरीपाशी आजून एक दगड पालथा पडलाय. त्यावर काय हाय ते आमाला कुणालाच ठावं न्हाय."